सोयूझ-९ ते मीर : वजनरहित शरीराची निगा

माणसाची हाडे, स्नायू आणि हृदय यांची घडण गुरुत्वाकर्षणाचा भार अखंड पेलत झालेली असल्यामुळे, तो भार नाहीसा होताच शरीर आपली ताकद अनावश्यक ठरवून टाकून देऊ लागते. पायांकडे ओढले जाणारे रक्त छाती व डोक्याकडे सरकते, शरीरात द्रव जास्त झाल्याचा समज होऊन तो मूत्रावाटे बाहेर टाकला जातो, कमी श्रमांमुळे हृदय दुबळे होते, पाठीचे व पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात आणि हाडांतील कॅल्शियम झिजू लागते.

या बदलांची किंमत सोव्हिएत वैद्यकाला जून १९७० मध्ये कळली. आंद्रियान निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह हे ‘सोयूझ-९’ यानातून जवळजवळ १८ दिवसांनी परतले, तेव्हा त्यांना आधाराशिवाय उभेही राहता येईना. १९६५ साली ‘जेमिनी-७’मधील अमेरिकी अंतराळवीर १४ दिवसांनंतरही बऱ्यापैकी सुस्थितीत परतले असल्यामुळे हा धक्का अधिकच मोठा होता. कित्येक महिन्यांच्या मुक्कामासाठी अंतराळस्थानके बांधण्याचा बेत त्यामुळे संशयास्पद ठरू लागला.

पुढच्याच वर्षी ‘सॅल्यूत-१’ स्थानकावर ट्रेडमिल, म्हणजे जागच्या जागी धावण्याचा फिरता पट्टा, बसवण्यात आला. त्याच्या हादऱ्यांनी सारे स्थानक थरथरत असे. तेथे २३ दिवस राहिलेले तिघे अंतराळवीर परतीच्या वाटेवर मृत्युमुखी पडले, तेव्हा दीर्घकाळच्या वजनरहित अवस्थेनेच त्यांचा बळी घेतला असावा, अशी शंका काही काळ व्यक्त झाली. प्रत्यक्षात यानाची झडप अकाली उघडून आतील हवा निघून गेली होती. त्या काळात रूढ झालेल्या साधनांपैकी ‘पेंग्विन’ या पोशाखात लवचीक पट्टे शिवलेले असत आणि ते शरीराला सतत आखडू पाहत असल्यामुळे साध्या हालचालीलाही स्नायूंना जोर लावावा लागे, तर ‘चिबिस’ या पोशाखात कमरेखालचा हवेचा दाब कमी करून रक्त पुन्हा पायांकडे ओढले जाई. ही दोन्ही साधने म्हणजे कृत्रिम गुरुत्वाकर्षणाची गरीब पण प्रामाणिक रूपे होत.

१९८४ मध्ये ‘सॅल्यूत-७’वर हृदयरोगतज्ज्ञ ओलेग आत्कोव्ह २३७ दिवस राहिले. त्याच मुक्कामात एप्रिलमध्ये तेथे गेलेले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा यांनी वजनरहित अवस्थेत योगासनांचे प्रयोग केले. आठवड्याभराच्या भेटीतून निर्णायक निष्कर्ष निघणे अवघडच होते, पण या शोधात भारतीय परंपरेलाही स्थान मिळाले, ही गोष्ट मोलाची आहे.

आत्कोव्हसारखेच वैद्य असलेल्या वालेरी पोल्याकोव्ह यांनी मंगळापर्यंतच्या प्रवासात माणूस टिकेल काय, हा प्रश्न स्वतःच्या देहावर तपासण्याचे ठरवले. जानेवारी १९९४ पासून ‘मीर’ स्थानकावर राहून, नेमाने व्यायाम करून, ते २२ मार्च १९९५ रोजी ४३७ दिवसांनी परतले आणि यानातून बाहेर आल्यावर शेजारच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. एकाच उड्डाणातील मुक्कामाचा तो विक्रम अद्याप मोडलेला नाही.