फणेरपेटी ते प्रदर्शन

भगिनींनो, लेखणी धरण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला आणि नुकतेच पाहिलेले एक प्रदर्शन मनात घोळत होते, म्हणून हे धाडस.

प्रदर्शन होते वेशभूषेचे व सौंदर्यप्रसाधनांचे. थोरल्या लेकीबरोबर गेले होते. सभागृहात शिरताच अत्तरांचा असा दरवळ की डोके भणाणून गेले. साड्या होत्या, दागिने होते. पण सर्वांत अधिक गर्दी तोंडाला लावावयाच्या डब्याबाटल्यांपाशी. माझ्या आजीची सारी प्रसाधने एका फणेरपेटीत मावत. आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. आधी मेणाचे बोट, त्यावर कुंकू, की झाला शृंगार. शिकेकाई आणि उटणे घरीच कुटावयाचे.

त्या पेटीत पहिली विकतची वस्तू आली ती अफगाण स्नोची निळी बरणी. मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी हा स्नो १९१९ साली काढला. तो पाहून अफगाणिस्तानच्या राजेसाहेबांना आपल्या देशातील बर्फ आठवला, आणि त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. नाव परक्या मुलखाचे, माल मात्र देशी. आजीची रिकामी बरणी अजून माझ्यापाशी आहे. तिच्यात मी सेफ्टी पिना ठेवते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी प्रसाधनांवर देशाचा पैसा बाहेर जाऊ नये, म्हणून पंडित नेहरूंनी टाटांना गळ घातली म्हणतात, आणि १९५२ साली लॅक्मे निघाली. १८८३ सालच्या एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेचे हे नाव, म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार. आपली लक्ष्मी पॅरिसला जाऊन नाव बदलून माघारी आली म्हणावयाची! १९६१ साली सिमोन टाटा या कंपनीच्या संचालक मंडळावर आल्या आणि पुढे तिच्या अध्यक्षा झाल्या. त्याच १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत विको सुरू केली. आधी दंतमंजन, आणि १९७५ साली हळदीचे क्रीम. आमच्या डब्यातली हळद नळीत भरून आम्हांलाच विकत मिळू लागली, आणि आम्ही ती आनंदाने घेतली.

त्याच १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरने फेअर अँड लव्हली आणले. पुष्कळ टीका झाल्यावर २०२० साली त्यातला ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ घातला. गोरेपणाचा शब्द गेला, एवढे खरे.

प्रदर्शनात एका दुकानातील मुलीने रंगांच्या छटांची एक पट्टी माझ्या लेकीच्या गालाला लावली. लेक माझ्यासारखीच सावळी. पट्टीवर बोट ठेवून ती मुलगी म्हणाली, “महिन्याभरात दोन घरे खाली उतरतील.” ताप उतरावा तसे! मला उत्तर सुचले नाही. मला पाहावयाला पाहुणे आले त्या दिवशी आईने माझ्या तोंडाला दोनदा स्नो चोळला होता आणि घामाने तो मानेवर ओघळला होता. पाहुण्यांसमोर चहाची कपबशी धरताना मी मान खाली घातली, ती लाजून नव्हे. तो चिकटपणा मला त्या पट्टीपाशी पुन्हा जाणवला.

लेकीने हसून पट्टी बाजूला सारली आणि पलीकडच्या दुकानातून गडद लाल लिपस्टिक घेतली, स्वतःच्या पैशांनी. मी शिसवी फणी घेतली.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, “आई, लहानपणी तूच म्हणायचीस ना गं, उन्हात खेळू नकोस, काळी पडशील?”

“म्हणत होते,” मी म्हटले. मग आमचा थांबा येईपर्यंत दोघी खिडकीबाहेर पाहत बसलो.