लशीच्या बाटलीत आणखी काय असतं? मलकोवाल ते बंडाबर्ग

बाळाला टोचायला नेलं की आईवडील हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : लशीत मूळ लशीखेरीज आणखी काय काय घालतात, आणि ते एवढ्याशा जिवाच्या अंगात जावं का? प्रश्न रास्तच आहे. आज आपण त्यातल्या एकाच घटकाचा इतिहास पाहू. तो घटक म्हणजे प्रिझर्वेटिव्ह, लशीत जंतू वाढू न देणारं द्रव्य.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला गेली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, ती हीच. लशीत तेव्हा थोडं कार्बोलिक ॲसिड घालत असत. मागणी प्रचंड वाढल्यावर हाफकिन यांनी तयार करण्याची पद्धत बदलली आणि ते ॲसिड वगळलं.

मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. तेव्हाच्या पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. आता लक्षात घ्या, हे १९ही जण एकाच बाटलीतली लस घेतलेले. बाकीच्यांना काही झालं नाही. चौकशी आयोगाने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. नंतर पुरावा वेगळंच सांगू लागला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं होतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. पण तोवर उमेदीची पाच वर्षं गेलेली होती.

यातून एक गोष्ट कळते. बाटली प्रयोगशाळेतून कितीही शुद्ध निघो, ती शेवटी गावात, कुणाच्या तरी हातात उघडली जाते. धोका तिथे असतो.

हाच धडा ऑस्ट्रेलियाला मुलांचे जीव देऊन शिकावा लागला. जानेवारी १९२८, क्वीन्सलंडमधलं बंडाबर्ग गाव. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. घटसर्पाच्या लशीची एकच रबरी बुचाची बाटली दहा दिवसांत अनेकदा वापरली गेली. तिच्यात जंतुरोधक नव्हतं. आधीच्या मुलांना काही झालं नाही. पण २७ जानेवारीला २१ मुलांना टोचलं आणि त्यातली १२ दगावली. रॉयल कमिशनने शोधलं तेव्हा बाटलीत स्टॅफिलोकोकस जंतू वाढलेले सापडले. कमिशनची शिफारस स्पष्ट होती : पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीत जंतू वाढू न देण्याइतकं द्रव्य असलंच पाहिजे.

त्यानंतर १९३०च्या दशकापासून थायोमर्सल वापरात आलं. त्यात पारा असतो, आणि भीती तिथूनच सुरू होते. प्रमाण किती? साधारण अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात सुमारे २५ मायक्रोग्रॅम पारा. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शिवाय हा एथिल पारा. मिनामाताच्या माशांतून ज्याने हाहाकार केला तो मिथिल पारा. नावं जवळची, वागणं वेगळं. मिथिल पाऱ्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला दीडेक महिना लागतो. एथिलचं आठवड्याभरात येतं.

तरीही १९९९ साली अमेरिकेत खबरदारी म्हणून बालकांच्या लशींतून ते काढायचं ठरलं. लोकांनी अर्थ घेतला, ‘म्हणजे काहीतरी होतंच!’ मग तपासणी झाली. डेन्मार्कने तर १९९२ मध्येच ते बंद केलं होतं. त्यामुळे स्वमग्नता होत असेल तर नोंदी पुढे कमी व्हायला हव्या होत्या. त्या वाढतच गेल्या. अमेरिकेतही तेच दिसलं. २००४ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा पाहून असा संबंध नाकारला.

आपल्याकडे आजही पेंटाव्हॅलंटसारख्या अनेक डोसांच्या बाटलीत थायोमर्सल असतं. म्हणून नियम पाळून उघडलेली बाटली चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंची, तिच्यात ते घालत नाहीत. म्हणून ती कालवल्यावर चार तासांत टाकून द्यायची असते. पुढच्या वेळी लसीकरणाला जाल तेव्हा बाटली कधी उघडली, हे जरूर विचारा. नर्सताई सांगतील, आणि तो तुमचा हक्कच आहे.

थोडक्यात सांगायचं तर, हे द्रव्य लशीत आलं ते ते नसल्यामुळे मुलं गेली म्हणून. आणि ते राहिलं तेही त्याच्यावरच्या शंका तपासून पाहिल्यावर. घटकांची यादी वाचताना प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न ठेवू या : हे किती आहे, आणि हे नसतं तर काय झालं असतं?