धाव, रबर आणि थंडी : भूगाव परिसरातील चाकाचा इतिहास

पुण्याच्या पश्चिमेला चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने मुळशीकडे जाताना प्रथम लागणाऱ्या मोठ्या गावांपैकी भूगाव हे एक असून, पुणे शहराचा कोरडा पठारी प्रदेश आणि ताम्हिणी घाटाचा अतिवृष्टीचा प्रदेश यांच्या मधोमध ते वसलेले आहे. पुण्यात वर्षाकाठी सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला तो कित्येक पटींनी वाढतो. मात्र ऑक्टोबर सरला की हाच परिसर झपाट्याने कोरडा पडतो आणि डिसेंबर-जानेवारीत निरभ्र आकाशाखाली रात्री गारठतात. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी 11 ते 12 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि 17 जानेवारी 1935 रोजी तेथे 1.7 अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले. शहराच्या दाट वस्तीपेक्षा पाषाण आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर अनेकदा अधिक थंड असतो, कारण डोंगरउतारावरून रात्री खाली सरकणारी जड थंड हवा सखल भागात साचून राहते. डोंगरांनी वेढलेल्या भूगावच्या बाजूलाही तोच नियम लागू होतो. तथापि येथे बर्फ पडत नाही, रस्ते गोठत नाहीत, आणि म्हणूनच चाकाला थंडी बाधते ही गोष्ट या भागात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती बाधते, आणि रबराच्याही आधीपासून बाधत आली आहे.

दख्खनमधील गाडीचे चाक पूर्वी आजच्यासारखे हलके नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत या प्रदेशात भरीव चाकांच्या ओबडधोबड गाड्या वापरात होत्या आणि लांबची मालवाहतूक प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून होत असे. सह्याद्रीच्या लगतच्या मावळात तर गाडीवाटाच विरळ होत्या. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत 1830 साली बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला, आणि त्याच दशकात महसुली पाहणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारित गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. आरे असलेल्या, हलक्या आणि लोखंडी धाव बसवलेल्या चाकाचा प्रसार त्यानंतर झपाट्याने झाला. धाव म्हणजे लाकडी चाकाच्या परिघावर बसवलेली लोखंडी पट्टी. चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले वाकडे लाकडी तुकडे आणि त्या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी धाव अशी ही रचना होती. जमिनीशी प्रत्यक्ष झुंजणारा भाग धाव हाच असल्याने चाकाचे सारे आयुष्य तिच्या घट्टपणावर अवलंबून राहत असे.

धाव चढवण्याचे काम सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांच्या जोडकामाचा उत्तम नमुना होते, आणि ते मुळातच उष्णता व थंडी यांच्या नेमक्या हिशेबावर उभे होते. लोहार लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवून जोडत असे. ते जमिनीवर आडवे ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवल्या जात, आणि कडे लालबुंद झाले की दोघे-तिघे ते सांडशीत धरून चाकावर बसवीत, घणाने ठोकीत आणि लाकूड पेट घेण्याच्या आत त्यावर पाणी ओतीत. लोखंड प्रत्येक अंश तापमानवाढीमागे आपल्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश इतके लांबते. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परिघ 4.7 मीटर भरतो, म्हणजे सहाशे अंशांनी तापलेली धाव 3 सेंटिमीटरहून थोडी अधिक लांब होते, आणि पाणी पडताच तेवढीच आक्रसू पाहते. त्या आक्रसण्याच्या ताणाने आऱ्यांचे सांधे तुंब्यात घट्ट रुततात. कोणतेही गणित न मांडता, दोरीने वा काठीने परिघ मोजून कडे किती आखूड ठेवायचे हे ठरवणाऱ्या गावच्या लोहाराचे ज्ञान हे या प्रदेशाच्या तंत्रइतिहासातील एक मोलाचे ज्ञान मानले पाहिजे. त्याची जितकी नोंद व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

पावसाळ्यात ओल शोषून फुगलेले लाकूड दिवाळीनंतरच्या कोरड्या थंड हवेत ओल सोडू लागते आणि बारीक होते, लोखंड मात्र जवळजवळ तेवढेच राहते. परिणामी धाव सैल पडून चाक खडखडू लागते आणि भरल्या गाडीखाली ती निसटण्याचा धोका निर्माण होतो. रात्री-दिवसाच्या तापमानातील मोठी तफावत या सैलपणात भर घालते. त्यावरचे उपाय ठरलेले होते : चाके ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात भिजत ठेवून लाकूड पुन्हा फुगवणे, धाव आणि लाकूड यांच्या फटीत पाचर ठोकणे, आणि एवढ्याने भागले नाही तर धाव काढून, कापून, पुन्हा आवळून चढवणे. भाताची मळणी उरकून माल पुण्याच्या बाजारात नेण्याचा काळ आणि धाव सैल होण्याचा काळ एकच असल्याने चाकाची निगा ही हंगामी कामांपैकी एक महत्त्वाची बाब होती. ही जबाबदारी गावातच राहत होती हे विशेष. चाक बनवणारा, ते बिघडवणारे हवामान ओळखणारा आणि ते दुरुस्त करणारा माणूस एकाच वेशीच्या आत होता, आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने खळ्यावर मिळत असे.

रबराचा इतिहास तर थंडीशी झालेल्या झगड्यातूनच सुरू होतो. कच्चे नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट होऊन ओघळते आणि हिवाळ्यात लाकडासारखे ताठ होते, या दोषामुळे 1830च्या दशकात अमेरिकेतील रबरी वस्तूंचा धंदा डबघाईला आला होता. चार्ल्स गुडइयर याला 1839 मध्ये रबर गंधकासह तापवल्यास ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहते असे आढळले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यानेही या प्रक्रियेचे पेटंट मिळवले, आणि व्हल्कनीकरण, म्हणजे रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये गंधकाचे आडवे दुवे घालण्याची क्रिया, उद्योगाचा पाया बनली. रॉबर्ट टॉमसन याने 1845 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, परंतु ते विस्मृतीत गेले, आणि जॉन बॉइड डनलॉप याने 1888 मध्ये बेलफास्ट येथे ती कल्पना नव्याने यशस्वी केली. व्हल्कनीकरणाने थंडीचा प्रश्न पुष्कळ दूर लोटला, परंतु मिटवला नाही. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर अंतराळयान कोसळले ते सांधे बंद करणारी रबरी कडी थंडीत ताठरल्यामुळे. त्या सकाळी प्रक्षेपणाच्या वेळी हवेचे तापमान सुमारे 2 अंश सेल्सिअस होते, म्हणजे 1935 मधील पुण्याच्या त्या पहाटेइतकेच. अर्थात त्या कड्यांचे रबर आणि टायरचे रबर एक नव्हे. प्रत्येक मिश्रणाची थंडी वेगळी असते, एवढेच येथे ध्यानात घ्यायचे.

मुळशी खोऱ्यातील रस्त्यांवर रबर प्रथम मोटारींच्या आणि मालमोटारींच्या चाकांवरून आले. 1921च्या सत्याग्रहाने महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या मुळशी धरणाच्या कामामुळे या खोऱ्यात अवजड वाहतुकीचे युग सुरू झाले, आणि 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावल्यानंतर काही वर्षांतच एसटी गावोगावी पोचू लागली. बैलगाडीलाही रबर मिळाले. लोकांनी तिला डनलॉप गाडी असे नाव दिले, आणि ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्या आजही हिवाळ्यातील गळीत हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर दिसतात. मुळशी तालुक्यात कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, तेव्हा हे दृश्य या भागाला परके नाही. डनलॉप गाडीबरोबर धाव चढवण्याचे काम मात्र संपत गेले आणि त्याच्या जागी रस्त्याकडेचे पंक्चरचे दुकान आले. तेथे हवा भरली जाते, ट्यूबला ठिगळ लागते, टायर रिमोल्ड करायला पाठवला जातो, आणि नक्षी पूर्ण झिजलेला टायर गोटा झाला म्हणून बाजूला टाकला जातो. पण टायरचे मिश्रण कोणत्या हवामानासाठी घडले आहे, हे त्या दुकानात ठाऊक असण्याचे कारण उरलेले नाही.

दरम्यान पुणे हे वाहन उद्योगाचे केंद्र झाले. वाहन संशोधनासाठीची एआरएआय ही संस्था 1966 मध्ये स्थापन झाली असून, कोथरूडच्या माथ्यावरील वेताळ टेकडीवरचा तिचा परिसर भूगावपासून फार दूर नाही; 1990च्या दशकाच्या मध्यास मर्सिडीज-बेंझच्या मोटारी पुण्यात तयार होऊ लागल्या आणि 2009 मध्ये फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना सुरू झाला. या मोटारींबरोबर उच्च क्षमतेचा टायर आला. रुंद आणि बुटका, कडेची भिंत आखूड, वेगात आकार टिकवण्यासाठी पट्ट्यांवर नायलॉनचे वेष्टण, आणि जमिनीला चिकटून राहील असे पृष्ठाचे मिश्रण ही त्याची ओळख. ज्या अरीय रचनेवर तो उभा आहे, म्हणजे दोऱ्यांचे थर परिघाला काटकोनात ठेवून वर पोलादी पट्टा घालण्याची रचना, तिचे पेटंट मिशलँ कंपनीने 1946 मध्ये घेतले होते.

या टायरची थंडीतील नाजूकता त्याच्या मुख्य गुणातूनच येते. प्रत्येक रबराला एक काचसंक्रमण तापमान असते. त्याच्या खाली रेणूंची हालचाल थिजून रबर काचेसारखे कडक आणि ठिसूळ बनते. नैसर्गिक रबरासाठी ते शून्याखाली सुमारे 70 अंश इतके दूर आहे. परंतु ओल्या रस्त्यावर पकड हवी असेल, तर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणावरून जाताना रबराने ऊर्जा जिरवली पाहिजे, आणि त्यासाठी मिश्रण असे निवडावे लागते की त्याचे काचसंक्रमण तापमान वर सरकते. प्रयोगशाळेत ओल्या पकडीचा अंदाज मिश्रणाच्या शून्य अंशावरील वर्तनावरूनच बांधला जातो. म्हणजे ताम्हिणीच्या पावसात जो गुण मोटारीला रस्त्यावर धरून ठेवतो, त्याचीच किंमत जानेवारीच्या पहाटे ताठरपणाने चुकवावी लागते. अशा उन्हाळी टायरची पकड साधारण 7 अंशांच्या खाली लक्षणीय घटते, आणि अतिक्षमतेचे टायर उणे 7 अंशांच्या आसपास साठवू वा हलवूही नयेत, कारण पृष्ठाला तडे जाऊ शकतात, असा इशारा काही निर्माते देतात.

फिनलंडमध्ये 1934 मध्ये खास हिवाळी टायर बनवला गेला, क्वेबेक प्रांतात डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत तो कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि टोरांटो किंवा म्युनिक येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही दरवर्षी टायरचे दोन संच अदलाबदल करण्याची सवय झालेली असते. तो उपाय भूगावला उचलून आणणे चुकीचे ठरेल. येथे पहाटे पारा 8 अंशांवर असला तरी दुपारी तो 28 वर जातो, आणि थंडीसाठी मऊ ठेवलेले हिवाळी मिश्रण अशा दुपारी व पुढच्या उन्हाळ्यात भराभर झिजते. तडे पाडणारी थंडी येथे कधीच पडत नाही. येथील हानी हळू होते आणि ती मुख्यतः उभ्या गाडीत होते, म्हणून तिच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

पहिली बाब हवेच्या दाबाची. बंद टायरमधील हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 30 अंशांच्या दुपारी 33 पौंडांवर ठेवलेला टायर 10 अंशांच्या पहाटे 30 पौंडांच्या जरा खाली येतो. बुटक्या भिंतीच्या टायरमध्ये ही घट डोळ्यांना दिसत नाही आणि कडा मात्र झिजतात. दाब गाडी थंड असतानाच, धावण्यापूर्वी मोजला पाहिजे. दुसरी बाब सपाट डागाची : फेरफटक्यात तापलेले नायलॉनचे वेष्टण गाडीच्या वजनाखाली तसेच थंड झाले की टेकलेला भाग सपाट राहतो आणि पुढच्या वेळी पहिले काही किलोमीटर चाक थरथरते. एका रात्रीचा डाग चालवताना निघून जातो, पण आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या मोटारीचा कायम राहू शकतो. तेव्हा दाब निर्मात्याच्या मर्यादेत थोडा वाढवून ठेवावा, गाडी अधूनमधून हलवावी, किंवा ती स्टँडवर उचलून ठेवावी. तिसरी बाब ओझोनची. रबरात मिसळलेले, ओझोनपासून बचाव करणारे मेण टायर वळताना-दबताना पृष्ठावर येत राहते, उभ्या टायरमध्ये ते येत नाही, आणि कोरड्या उजेडात कडेच्या भिंतीवर बारीक चिरा पडू लागतात. चकाकी आणणारी खनिज तेलाची द्रव्ये हे मेण धुऊन काढतात, म्हणून ती टाळलेलीच बरी.

पहाटे चांदणी चौकाकडे निघालेल्या मोटारीचा रस्ता हवेपेक्षाही थंड असतो, कारण निरभ्र रात्री डांबर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. टायर आतून तापेपर्यंतचे पहिले काही किलोमीटर वेग, वळण आणि ब्रेक यांत संयम ठेवणे एवढाच त्यावर इलाज आहे. भारतात ऑक्टोबर 2022 पासून टायरच्या नव्या नमुन्यांना ओल्या रस्त्यावरील पकड, लोळण्याचा विरोध आणि आवाज यांची मानके लागू झाली, आणि पावसाच्या देशात ओल्या पकडीला दिलेले हे महत्त्व रास्तच आहे. उरलेली निगा मालकाकडे येते. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांत त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष कोरलेले असते. 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या मोटारीची नक्षी वर्षानुवर्षे खोल राहते आणि मिश्रण मात्र आतून ताठरत जाते, म्हणून भूगावसारख्या ठिकाणी टायर बदलण्याचा निर्णय नक्षी पाहून घेण्याइतकाच हे चार आकडे वाचून घेतला पाहिजे.