नाचाची चित्रे आणि रंगांचे धाडस

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्या असा भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा रंगांविषयी लिहायचे मी ठरविले. आपण बायका रोज रांगोळी घालतो, पण चित्रातील रंगांची गोष्ट निघाली की ‘ते आपले काम नव्हे’ म्हणून मागे सरतो.

नाचाचे जगप्रसिद्ध चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांचे ‘नृत्य’. मॉस्कोचे व्यापारी सर्गेई श्चुकिन यांच्या वाड्यातील जिन्यासाठी ते १९१० साली पुरे झाले. हात धरून फेर धरणाऱ्या पाच तांबड्या आकृती, खाली हिरवी जमीन, वर निळे आकाश; एवढ्या तीनच रंगांवर भले मोठे चित्र उभे आहे. पॅरिसच्या प्रदर्शनात त्यावर कडाडून टीका झाली. श्चुकिनही आधी कचरले, पण शेवटी त्यांनी ते घेतले. क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्यांचा संग्रह सरकारजमा झाला आणि आज ते चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. धनी बदलला, तरी चित्रकाराचे नाव राहिले.

आता आपल्या उत्तर कोकणाकडे वळू. डहाणू-तलासरीकडच्या वारली बायकांनी तर एका पांढऱ्या रंगावर नाच उभा केला. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिला गेरू लावायचा, आणि बांबूची काडी ठेचून तिच्या टोकाने तांदळाच्या पिठाचे पांढरे रेखायचे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला. तारपा नाचात मधोमध तारपा वाजविणारा आणि भोवती माणसांची गुंडाळत गेलेली साखळी. रंग थोडे, म्हणून सारी गती रेषेलाच दाखवावी लागते; आणि तांबड्यावर पांढरे असे उठते की तो फेर फिरताना दिसतो. पुष्कळ रंग ओतणे म्हणजे धाडस नव्हे, हे मला या भिंतींनी पटविले.

लग्नात पालघट देवीचा चौक काढण्याचा मान सवाशिणींचा, आणि लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. आपल्या अलिबाग-पेणकडच्या आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीण असते, ती तिचीच बहीण म्हणावी. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही कला कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी तिला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो मान सर्वस्वी योग्यच होता. पण त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगविणाऱ्या बायकांची नावे कोठे आहेत? लग्न झाले, भिंत पुन्हा सारवली, चित्रही गेले आणि नावही.

महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले; ते लिहून ठेवले गेले, म्हणून तिचे नाव आजही आपल्या तोंडी आहे. तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी कोणाची आजी, आत्या, सासूबाई चौक काढीत असेल, गौरीची पावले रेखीत असेल, धवले म्हणत असेल, तर त्याची नोंद मंडळाच्या वहीत करावी. खाली तिचे नाव आणि गाव घालावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी दोन पाने राखून ठेवावी. वह्या घेण्याचा खर्च मी आनंदाने करीन.