नऊ पाठ आणि नाताळगीतांची निवड

नाताळच्या उपासनेत गायकवृंदाने कोणती गीते गावीत, याचा सर्वांत दूरवर पोचलेला पायंडा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने पाडला. मूळ कल्पना मात्र कॉर्नवॉलमधील ट्रुरोची. तिथे १८८० च्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी बायबलमधील नऊ पाठ आणि त्यांच्या अधूनमधून गीते अशी उपासना योजली. कॅथीड्रल उभे राहायचे होते, त्यामुळे ती लाकडी शेडमध्ये पार पडली.

पहिल्या महायुद्धात सैन्यात धर्मगुरू म्हणून काम केलेले एरिक मिल्नर-व्हाइट १९१८ मध्ये किंग्जचे डीन झाले. चर्चच्या उपासनेत अधिक कल्पकता हवी, असे त्यांना वाटे. युद्ध थांबल्यानंतरच्या पहिल्याच नाताळात त्यांनी बेन्सन यांचा आराखडा स्वीकारला आणि पुढच्या वर्षी त्यात सुधारणा केल्या. उपासनेचा कणा वाचन आहे, संगीत नव्हे, ही त्यांची धारणा होती. गीतनिवडीची शिस्त त्यातूनच आली.

पाठ आदामाच्या पतनापासून सुरू होतात. यशयाची भविष्यवाणी, मरियेला मिळालेला संदेश, मेंढपाळ आणि ज्ञानी लोक असे टप्पे घेत योहानाच्या शुभवर्तमानाशी संपतात. गीताने नुकत्याच वाचलेल्या पाठाला उत्तर द्यायचे असते. पहिल्या पाठानंतर अनेकदा बोरिस ऑर्ड यांनी स्वरबद्ध केलेले आदामावरचे मध्ययुगीन गीत येते. जेमतेम मिनिटभराच्या या रचनेत पतनाचा शोक नाही; ते घडले म्हणूनच मरिया स्वर्गाची राणी झाली, असा आनंद आहे. पतनाची कथा नाताळशी जोडण्याचे काम ते एकटे गीत करते.

आरंभ आणि शेवट मात्र ठरलेले असतात. १९१९ पासून सुरुवातीला ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ गायले जाते. पहिले कडवे एकच मुलगा साथीविना गातो. किंग्जचे संगीतप्रमुख स्टीफन क्लिओबरी यांच्या काळात तो मान कोणाचा, हे मुलांना ऐन वेळी कळे. शेवटी सारी सभा परिचित स्तोत्रे गाते.

१९२८ मध्ये बीबीसीने ही उपासना प्रक्षेपित केली आणि तिची गीते घरोघरी पोचली. ती गाण्यासाठी छोट्या गायकवृंदांना स्वरलिपी हवी होती. रेजिनल्ड जॅक्स आणि किंग्जचे संगीतप्रमुख डेव्हिड विलकॉक्स यांनी १९६१ मध्ये ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’मध्ये पन्नास गीते देऊन ती गरज भागवली. सभा मूळ चाल गात असताना मुलांचे आवाज तिच्यावरून वेगळी सुरावट घेतात, ही शेवटच्या कडव्यांची विलकॉक्स यांची मांडणी त्यानंतर गावोगावच्या चर्चमध्ये रुळली.

जुन्याच गीतांवर भिस्त राहिली असती, तर परंपरा साचून गेली असती. म्हणून क्लिओबरी यांनी १९८३ पासून दरवर्षी एक नवे गीत रचून घेण्याची प्रथा सुरू केली. १९९० मध्ये एस्टोनियाचे आर्वो पेर्ट यांनी चर्च स्लाव्हॉनिक भाषेतील मरियेची प्रार्थना स्वरबद्ध करून दिली. ओळखीच्या गीतांनी सभेला सामावून घ्यावे, नव्या रचनेने गायकवृंदाचा कस लावावा आणि दोन्हींनी पाठांचा क्रम सांभाळावा, हा निवडीचा नियम किंग्जमध्ये असा टप्प्याटप्प्याने घडत गेला.