डग्ग्याचा घुमारा आणि एक रेझिस्टर

जुन्या रेकॉर्डप्लेअरवर डग्ग्याचा घुमारा शाबूत ऐकू आला, की श्रेय आपण वादकाला देतो. मी त्यातला थोडा वाटा ॲम्प्लिफायरच्या दाराशी बसलेल्या एका रेझिस्टरला देणार आहे.

काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे 1880 साली पॅरिसमध्ये ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं. त्यावर आधारलेले स्वस्त क्रिस्टल पिकअप 1930 नंतरच्या दशकात आले. सुई थरथरली की स्फटिक दबायचा आणि भरपूर व्होल्टेज द्यायचा, प्रवाह मात्र अगदी किंचित. स्वर जितका खालचा, तितका प्रवाह आणखी कमी. म्हणून पुढचं यंत्र किती प्रवाह मागतं, यावर सारं अवलंबून. या मागणीला होणाऱ्या अडथळ्याला ऑलिव्हर हेविसाइडनं 1886 साली ‘इम्पीडन्स’ हे नाव दिलं होतं.

व्हॉल्व्हची ग्रिड जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे ग्रिड आणि जमीन यांमधला रेझिस्टर हाच इनपुट इम्पीडन्स ठरवायचा. पिकअपची धारिता 1000 पिकोफॅरड आणि रेझिस्टर 10 लाख ओहमचा धरला, तर साधारण 160 हर्ट्झच्या खालचे स्वर उतरू लागतात. रेझिस्टर दुप्पट केला, की ही सीमा 80 वर येते. डग्गा वाचतो तो इथे.

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. पुढे तो ॲम्प्लिफायरमध्ये आला आणि अडचण उभी राहिली. त्याचा बेस प्रवाह मागतो. इनपुट इम्पीडन्स जेमतेम काही हजार ओहम. थेट जोडलं तर खर्ज नाहीसा होऊन आवाज चिरका यायचा.

उपाय पुन्हा रेझिस्टरच. एमिटरला 1 हजार ओहमचा रेझिस्टर लावला आणि ट्रान्झिस्टर प्रवाह 100 पट वाढवत असला, तर बेसकडून तो सुमारे 1 लाखाचा भासतो. बदल्यात वर्धन कमी होतं. शिवाय बेसला स्थिर ठेवणारे रेझिस्टर समांतर असल्यानं ही कमाई पुन्हा घटते. मग बेसच्या वाटेत मोठा रेझिस्टर घालून, थोडा आवाज गमावून, खर्ज राखला जाई. पुढे फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरनं व्हॉल्व्हसारखीच अल्प मागणी परत आणली.

म्हणून घरातला जुना प्लेअर दुरुस्तीला दिलात, तर एवढं सांगा : इनपुटचा रेझिस्टर बदलायचाच झाला, तर त्याच किमतीचा बसवा. नाहीतर तबला वाजत राहील, पण डग्गा ऐकू येणार नाही.