एकाचे आजारपण, अनेकांचा आधार

ठाणे-बेलापूर मार्गावरील पावणे हे एकेकाळचे भातशेतीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. कारखान्यांमागोमाग कामगारांच्या वस्त्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही आला : हातावर पोट असलेल्या घरात कोणी अंथरुणाला खिळले, तर त्याचा भार कोणी वाहायचा?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या राजवटीत आजारविम्याचा कायदा झाला. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या परस्परसाहाय्य संस्थांचा पुरस्कार केला. आपल्या देशात कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे त्या योजनेचा शुभारंभ झाला. मात्र या छत्राखाली येण्यास हजेरीपटावर नाव हवे. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई, चार घरची धुणीभांडी करणारी मोलकरीण, नाक्यावर काम शोधणारा बिगारी यांची नावे कोणत्या हजेरीपटावर असणार?

अशांसाठी वाट निघाली ती लोकांतूनच. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतालच्या खेड्यांतून सुगीच्या वेळी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा होई व त्या बदल्यात गावाला उपचारांची हमी मिळे. शहरात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. त्यांच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांत स्त्रियांना लहान कर्जे देण्यास आरंभ केला. परंतु कर्जाने सावरलेला संसार एका आजारपणात पुन्हा सावकाराच्या दारी जातो. म्हणून नव्या शतकाच्या आरंभी ‘अन्नपूर्णा परिवारा’ने सभासदांचा सामायिक आरोग्यनिधी सुरू केला.

त्याची रीत साधी आहे. सभासद दरवर्षी ठरलेली वर्गणी भरतात व नोंद साऱ्या कुटुंबाची होते. केवळ आजारीच निधीत आले, तर निधी आटण्यास वेळ लागत नाही. दाव्यांचा निर्णय सभासद स्त्रियांचीच समिती घेते. पैसा आपल्याच शेजारणींचा आहे, हे ठाऊक असल्याने खोट्या बिलाला थारा मिळत नाही आणि खऱ्या अडचणीची कदर होते.

राज्य शासनाने २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते. ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांसाठी तिचा आधार मोठाच आहे. तरीही बुडालेली मजुरी, यादीबाहेरचे आजार आणि योग्य रुग्णालय कोणते हे सांगणारे जाणते माणूस, या गरजा उरतातच.

वसईत १९१८ साली मोन्सिनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था उभी राहिली, तिचीच पुढे बँक झाली. कर्जासाठी एकत्र येणे आम्हांला नवे नाही. आमच्या धर्मग्रामांतील भाडेकरू, कंत्राटी कामगार आणि घरकाम करणाऱ्या भगिनी यांची एकदा यादी करून आजारपणासाठीही असाच निधी उभारता येईल काय, याचा विचार आम्ही करावयास हवा.